जेटला हात लावायच्या आधी हवा बघा : जुनी टू-स्ट्रोक समजून घेताना

मागच्या सप्टेंबरात कासवरून खाली येताना यवतेश्वर घाटात माझी जुनी यामाहा आरएक्स १०० जाम झाली. म्हणजे झालं असं की वर पठारावर धुकं, भुरभुर पाऊस, गाडी अर्ध्या रेसवर गुळण्या करायला लागली, पिकअप घेईना, तर बरोबरच्या मित्राने (त्याला सगळं येतं) तिथंच टपरीच्या आडोशाला कार्बोरेटरचं झाकण उघडून नीडलची, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच वर केली, गाडी एकदम मोकळी झाली, आम्ही खूश. मग उतार. तिसऱ्या गिअरला, रेस पूर्ण बंद, इंजिन ब्रेकवर आरामात निम्मा घाट उतरलो, एका वळणानंतर जरा सपाटी आली म्हणून रेस दिली आणि अर्ध्या मिनिटात मागचं चाक "चर्रर्र" करून अडकलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. किक दाबली तर दगडासारखी. अर्ध्या तासाने इंजिन गार झाल्यावर किक सुटली, पण आतून जो खरखर आवाज आला त्यावरून कळलं की काम लागलंय.

दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून मामांकडं नेली. मामा म्हणजे आमचे मिस्त्री, नात्यातले नाहीत, पण साताऱ्यात निम्मे लोक त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी सायलेन्सर काढून पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकातून, बॅटरी मारली, पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, आणि मला विचारलं, "जेट कुणी बदललं?" (जेट म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा, त्यातून पेट्रोल येतं.) मी म्हणालो जेट नाही मामा, फक्त क्लिप. "आरं तेच की. आधीच तुझी गाडी हवा खातीया, त्यात तू पेट्रोल तोडलंस. आणि वर उतारावर रेस बंद. मग तेल कुठनं येणार त्याला, आभाळातनं?"

या एका वाक्यात टू-स्ट्रोकचं सगळं शास्त्र आहे, मला ते कळायला दोन महिने लागले, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. आपल्याकडं जुन्या टू-स्ट्रोक घेणारी पोरं वाढलीत, आरएक्स, शोगन, सामुराई, येझदी, आणि घेतल्या घेतल्या पहिलं काम काय तर सायलेन्सरची नळी काढायची आणि मोठं जेट टाकायचं. माझं म्हणणं एवढंच की त्याच्या आधी दुसरं एक काम आहे आणि ते कुणी करत नाही.

तर आधी ही गाडी चालते कशी ते बघू. आजच्या गाडीत म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनच्या खालच्या डब्यात, क्रँक फिरतो तिथं, नुसतं ऑईल असतं. टू-स्ट्रोकमध्ये तो खालचा डबा रिकामा असतो आणि तो पंपाचं काम करतो, सायकलच्या पंपासारखं अगदी. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, ती कार्बोरेटरमधून पेट्रोल, हवा आणि ऑईल असं मिश्रण आत ओढते. मध्ये रीड व्हॉल्व्ह असतो, पातळ पट्ट्यांचा, तो आत येऊ देतो पण परत जाऊ देत नाही. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण डब्यात दाबलं जातं, आणि पिस्टन पुरेसा खाली गेला की सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात, आधी एक्झॉस्टचं, जळका धूर बाहेर, मागोमाग बाजूची ट्रान्सफर पोर्ट, त्यातून दाबलेलं ताजं मिश्रण वर. प्रत्येक फेरीला एक स्फोट. आरएक्स १०० ला ११ पीएस ताकद मिळते ७५०० आरपीएमला, म्हणजे त्या वेळी प्लग सेकंदाला १२५ वेळा पेटतोय. फोर-स्ट्रोक त्याच आरपीएमला निम्म्या वेळा. म्हणून ९८ सीसीचं एवढंसं इंजिन, ५० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोक, तेव्हाच्या १०० सीसी फोर-स्ट्रोक गाड्यांना मागं टाकून जायचं.

आता यातली मेख. खालचा डबा हा पंप आहे म्हणजे तो हवाबंद पाहिजे. त्यातून क्रँकची दोन्ही टोकं बाहेर येतात, डावीकडं मॅग्नेट, उजवीकडं क्लच, आणि दोन्हीकडं हवा अडवायला काय आहे, तर एक-एक रबरी ऑईल सील. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ बनली, म्हणजे सगळ्यात नवीन गाडीसुद्धा आज तिशीच्या आसपास आहे. तिशीचं रबर काय अवस्थेत असेल ते घरातल्या जुन्या कुकरच्या रिंगेवरून ओळखा. कडक होतं, कडा झिजते, आणि पिस्टन वर जाताना जी पोकळी होते ती कार्बोरेटरबरोबर त्या फटीतून पण ओढायला लागते. त्या फटीतून नुसती हवा येते, पेट्रोल नाही, ऑईल नाही. मामा ज्याला हवा खाणं म्हणतात ते हे.

आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडणं हे फोर-स्ट्रोकसारखं नाही. पेट्रोलची वाफ होताना ती पिस्टनला थंड करते, आणि टाकीतच ऑईल मिसळलेलं असेल तर ऑईल पण त्याच पेट्रोलाबरोबर येतं. म्हणजे पेट्रोल तुटलं की एकाच वेळी उष्णता वाढते आणि वंगण कमी होतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरचा स्लीव्ह बिडाचा, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघांतली फट किती, तर मिलिमीटरच्या शंभर भागांतले चारेक भाग. पिस्टन फुगला, फट संपली, चाक अडकलं. एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे का, तर सगळ्यात गरम बाजू तीच.

डावं सील गेलं की उजवं गेलं हे बाहेरून बऱ्यापैकी ओळखता येतं. डावं म्हणजे मॅग्नेटकडचं गेलं तर नुसती हवा येते, मग गाडी गरम झाल्यावर आयडलिंग आपोआप वाढतं, रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली येत नाही, "ऊंऊंऊं" करत राहतं, आणि लोक काय करतात तर आयडल स्क्रू ढिला करून गप्प बसवतात. उजवं सील गेलं तर पलीकडं गिअर ऑईल आहे, ते आत ओढलं जातं, पांढरट-निळसर धूर थांबतच नाही, प्लग ओला, आणि गिअर ऑईल दर महिन्याला कमी, खाली मात्र एक थेंब नाही. हे ऑईल जातं कुठं असं विचारत एक काका वर्षभर फिरत होते, ते सायलेन्सरमधून जात होतं.

खात्री करायची मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. त्यांनी डॉक्टरकडची जुनी बीपीची मशीन ठेवलीय, फुगा आणि डायल. सायलेन्सर काढून तिथं ट्रकच्या ट्यूबचा तुकडा घालून फ्लँज परत आवळायचा, म्हणजे एक्झॉस्ट बंद. कार्बोरेटर काढून त्याच्या तोंडाला रबरी बूच, बुचाच्या मध्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला बीपीची नळी. प्लग जागेवर घट्ट. मग फुगा दाबत दाबत काटा अडीचशेपर्यंत न्यायचा आणि हात काढून बसायचं. चांगलं इंजिन असेल तर काटा जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या गाडीचा काटा एखादा माणूस जिना उतरतो तसा टपटप खाली आला, वीस सेकंदात शून्य. मग मामांनी साबणाचं पाणी ब्रशने सिलिंडरच्या बुडाला, हेडला, रीडच्या जोडाला लावलं, तिथं काही नाही. मॅग्नेटचं कव्हर काढून क्रँकच्या भोवती लावलं आणि तिथं फसफसून बुडबुडे. "बघ, बीपी लो हाय तुझ्या गाडीचा," म्हणाले आणि स्वतःच हसले.

ज्याला एवढं करता येत नाही त्याने गाडी आयडलिंगला ठेवून सिलिंडरच्या बुडाशी आणि कार्बोरेटरच्या रबरापाशी थोडं साबणाचं पाणी मारून बघावं, आवाज बदलला तर तिथं फट आहे. पण मॅग्नेटकडचं सील असं बाहेरून सापडत नाही हे लक्षात ठेवा.

म्हणजे घाटात माझं झालं काय, तर सील आधीपासून हवा खात होतं, पण कुठल्या तरी मिस्त्रीने कधीतरी नीडल वर उचलून पेट्रोल वाढवून ते झाकलं होतं. म्हणून गाडी खाली गावात बरी चालायची. सातारा साधारण सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि कास बाराशेच्या आसपास, वर हवा जरा विरळ, कार्बोरेटर मात्र पेट्रोल जवळजवळ तेवढंच सोडतो, त्यामुळं मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. फरक फार नाही, पण एअर फिल्टर धुक्याने ओला, आधीच पेट्रोल जास्त, मग गुळण्या. मित्राने क्लिप वर केली म्हणजे नीडल खाली गेली, पेट्रोल कमी झालं, वर ते बरोबर वाटलं. खाली येईल तशी हवा दाट होत गेली. वर बसवलेली सेटिंग घेऊन घाट उतरायचा नसतो, वर चढताना गुळण्या केल्या तर करू द्याव्यात, त्याने इंजिन मरत नाही.

आणि उताराचं दुसरं. माझ्या गाडीचा ऑईल पंप, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनला ऑईल देणारा, आधीच्या मालकाने बंद केलेला, पेट्रोलात ऑईल मिसळून चालवत होतो. आता रेस बंद करून इंजिन ब्रेकवर उतरताना चाक इंजिनला चार-पाच हजारावर फिरवतंय, पण कार्बोरेटर बंद, पेट्रोल जवळजवळ नाही, म्हणजे ऑईल पण नाही. पाच-सात मिनिटं कोरडा पिस्टन घासत होता. पंप चालू असता तर तो इंजिनच्या फिरण्यावर चालतो, थोडं का होईना ऑईल सोडत राहिला असता. म्हणून मला हे पंप बंद करायचं फॅड अजिबात पटत नाही. "पंप कधी दगा देईल सांगता येत नाही" असं सगळे म्हणतात, पण पंप बिघडतो त्यापेक्षा ऑईलची टाकी रिकामी ठेवणारे जास्त. टाकी एकदा कोरडी झाली की नळीत हवा शिरते, मग नुसतं ऑईल भरून भागत नाही, पंपाचा स्क्रू उघडून बुडबुडे जाईपर्यंत हवा काढायला लागते, आणि हे न केल्यामुळं गाडी बसली की शिव्या पंपाला. बहुतेक येझदी किंवा राजदूत १७५ वाल्यांना पंपच नाही, त्यांनी उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून एकदा रेस मारायची सवय ठेवावी, जुने लोक ठेवायचेच.

ऑईल किती, यावर चहाच्या टपरीवर मारामारी होऊ शकते. हिशोब सोपा आहे, ४० ला १ म्हणजे लिटरला २५ मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली, २० ला १ म्हणजे ५० मिली. गाडीच्या पुस्तकात जे आहे तेच घाला. जास्त ऑईल म्हणजे जास्त सेफ असं वाटतं पण एक लिटरमध्ये ऑईल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल कमी झालं, जेटच्या भोकातून जाणारं मिश्रण उलट पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, शिवाय रिंगांवर आणि सायलेन्सरमध्ये कार्बन बसतो तो वेगळा. डब्यावर जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑईल घ्यावं, धूर कमी. घरात उरलेलं कारचं इंजिन ऑईल घालू नका, ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं.

साताऱ्याला टू-स्ट्रोक काही नवीन नाही म्हणा. बजाजची प्रिया इथंच बनायची, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात, ती कंपनी १९७५ ची. घराघरात प्रिया होती आणि पंपावर पेट्रोलबरोबर ऑईल मारून घेणं हे आमच्या वडिलांच्या पिढीला दूध आणण्याइतकं साधं काम होतं. आता पंपावर टू-टी मागितलं तर पोरगं आपल्याकडं बघत राहतं.

आता पंपावरच्या पेट्रोलबद्दल, कारण जुन्या सेटिंग यामुळं पण चुकतात. हल्ली मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० साधारण ७-८ टक्के जास्त पाहिजे. नवीन इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते बघतो. आपल्या कार्बोरेटरला ना सेन्सर ना डोकं, १९९० साली जेवढं सोडायचा तेवढंच सोडतो, म्हणजे कंपनीच्या मूळ जेटवर गाडी आज किंचित पातळ चालते. म्हणून इंजिन हवाबंद असल्याची खात्री झाल्यावर मेन जेट एक-दोन नंबर मोठं करायला माझी हरकत नाही, तिथं त्याला कारण आहे. आणि इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचं पेट्रोल खाली काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी जेटमध्ये पांढरी-हिरवी पावडर साफ करत बसाल.

ट्यूनिंग करताना एक गोष्ट कळली की निम्मा गोंधळ संपतो. कार्बोरेटरचा कुठला भाग कधी काम करतो ते रेस किती उघडलीय यावर ठरतं, गाडीच्या स्पीडवर नाही. बंद ते पाव रेस, तिथं स्लो जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण, तिथं नीडल. पाऊणच्या पुढं मेन जेट. मी ग्रिपवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने पाव-अर्धा-पाऊण खुणा केल्यात, गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते बघायचं आणि तेवढाच भाग बदलायचा, एका वेळी एकच. आपल्याकडं गाडी आयडलिंगला मिस मारते म्हणून मेन जेट बदलणारे मिस्त्री आहेत, त्याचा आयडलिंगशी काही संबंध नाही.

प्लग बघायचा तर नीट बघायचा. गावातून हळूहळू येऊन घरासमोर प्लग काढला तर तो फक्त शेवटच्या दोन मिनिटांचं सांगतो. मोकळ्या रस्त्यावर फुल रेसला किलोमीटरभर पळवून, रेस तशीच ठेवून किल बटण आणि क्लच एकदम, बाजूला घेऊन तिथंच प्लग काढायचा. चहाच्या रंगाचा असेल तर बरोबर, पांढरा फटक असेल तर परत पळवू नका, काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग जास्त थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, हे उलटं लक्षात ठेवून लोक गरम प्लग बसवतात आणि मग पिस्टनला भोक.

राहिला सायलेन्सर. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट आधी फुगीर आणि मग निमुळतं का असतं, ती नुसती स्टाईल नाही. एक्झॉस्टचं भोक उघडं असताना ताजं मिश्रण पण त्यातून पळून जायला बघतं. धुराचा दाब लाटेसारखा पाइपातून जातो, निमुळत्या भागाला आपटून परत येतो आणि पळालेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो, तेवढ्यात पिस्टन भोक बंद करतो. ७५०० आरपीएमला हे सगळं सेकंदाच्या साधारण २५० व्या भागात. व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही, नुसता आकार. हे गणित बसवलं पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडेनने, १९५० च्या दशकात. १९६१ ला त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतूनच पळून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला, १९६२ ला सुझुकी ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियन. सायलेन्सरच्या आकारासाठी माणसं देश सोडून गेलीत, आणि आपण तोच सायलेन्सर पोवई नाक्यावर आवाज यावा म्हणून ग्राइंडरने कापतो. कापला की लाट परत यायची जागा चुकते, आवाज वाढतो, वर ओढ कमी होते, आणि कंपनीच्या जेटिंगचा पण काही उपयोग राहत नाही. पोलिस धरतात ते वेगळंच. जुना सायलेन्सर गुदमरत असेल तर आतली नळी काढून कार्बन साफ करायची आणि परत बसवायची.

घ्यायची असेल तर रंगावर जाऊ नका. आरसीवरचा इंजिन नंबर, चासी नंबर स्वतः बोटाने चाचपून बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि ग्रीन टॅक्स असतो, ते थकलेलं असेल तर भावात धरा. गार इंजिन किक करून बघा, आधीच गरम करून ठेवली असेल तर उद्या येतो म्हणायचं.

माझ्या गाडीला ०.२५ मिमी रिबोअर झालं, म्हणजे सिलिंडर आतून तेवढा मोठा केला, नवीन पिस्टन, दोन्ही सील, क्रँक प्रेस करून नवीन रॉड बेअरिंग, आणि पंप परत चालू. पिस्टन मामांनी मला बसवायला दिला, क्रँकच्या तोंडात फडकं कोंबून, म्हणजे सर्क्लिप उडून आत पडायला नको, बाणाची खूण एक्झॉस्टकडं, रिंगची दोन टोकं पिस्टनमधल्या बारीक खिळ्याला धरून. तो खिळा रिंग फिरू नये म्हणून असतो, फिरली आणि टोक पोर्टच्या भोकात अडकलं तर रिंग तुटते. दोनदा चुकलो, मामा काही बोलले नाहीत, नुसता चहा पीत बघत होते. मग परत बीपी लावला, काटा अडीचशेवर, चहा संपेपर्यंत तिथंच.

पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या रेसच्या आत, एकाच स्पीडला फार वेळ नाही, आणि घाट नाही, अशी तंबी आहे. तीनशे झालेत. तोवर कासला जायचं तर एसटीने.